तेल चेनच्या पोटात जायला हवं

मुंबईत हिंदमाताला पाणी तुंबलं की सायकल ढकलतच काढावी लागते. घरी आल्यावर आपण अंग पुसतो, सायकल मात्र जिन्याखाली तशीच ओली राहते. सकाळी चेनवर नारिंगी गंज दिसतो, मग हाताला लागेल ती बाटली घेऊन वरून तेल ओतलं जातं. कुरकुर थांबते, पण आत शिरलेला गाळ आतच राहतो.

चेनच्या पट्ट्यांमधून पिन जाते, तिच्याभोवती बुश आणि बुशवर सुटा फिरणारा रोलर. ही रचना हान्स रेनॉल्डने १८८० साली मँचेस्टरमध्ये केली. आजच्या गिअरच्या सायकलींत वेगळा बुश नसतो, आतल्या पट्टीचीच कड वळवून ते काम भागवतात. खरी झीज होते पिनेची, चेन दात्यांवर वळताना आणि सुटताना. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. प्रत्येक जोडात साधारण ०.०६ मिलिमीटर, जेमतेम एका केसाइतकी झीज झाली, की सगळी चेन अर्ध्या टक्क्याने लांबते. मेकॅनिक ‘चेन ताणली’ म्हणतो तेव्हा पोलाद ताणलेलं नसतं, पिना झिजलेल्या असतात.

ही झीज रोखायची तर तेल नेमकं हवं. वेग आणि भार पाहून ते निवडायचं, हे परळ-लालबागच्या कापडगिरण्यांमध्ये रोजचं काम होतं. सूत कातणारी चाती मिनिटाला हजारो फेरे घेते आणि तिच्यावर भार फारसा नसतो, म्हणून तिला अगदी पातळ स्पिंडल ऑइल. दाट तेल घातलं तर ते ढवळण्यातच वीज जाईल आणि चाती तापेल. सायकलची चेन याच्या अगदी उलट. डब्यांनी लादलेली सायकल घेऊन डबेवाला दादर स्टेशनाबाहेरून निघतो, तेव्हा पहिल्या पॅडलला सगळी ओढ मोजक्या पिनांवर येते. शिवाय पिन पूर्ण गोल फिरत नाही, थोडी वळते आणि परत येते. त्यामुळे दोन धातूंना वेगळं ठेवणारा तेलाचा सलग थर तिथे नीट बनतच नाही. शिलाई मशीनचं तेल पातळ असल्याने आत पटकन शिरतं, पण तितक्याच लवकर निघूनही जातं. कोरड्या दिवसांत, वरचेवर घालायची तयारी असेल, तर ते चालेल. पावसात नाही.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांनी १९९९ साली चेनची कार्यक्षमता मोजली. ती ८१ ते ९८.६ टक्के भरली, आणि प्रयोगशाळेच्या स्वच्छ हवेत वंगणाने तिच्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. त्यांनी काढलेला अर्थ मला फार मोलाचा वाटतो: वंगण आतली जागा अडवून धरतं, म्हणून धूळ शिरत नाही. आपल्याकडे तर हे जास्तच लागू. बांधकामाच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळूतलं क्वार्ट्झ साध्या पोलादापेक्षा कठीण असतं. चेनवरच्या चिकट तेलात ते मिसळलं की काळा लगदा होतो, आणि तो पॉलिश पेपरसारखा पिना घासत राहतो. गाडीतून काढलेलं काळं ऑइल चेनला लावणं थांबायलाच हवं. त्यात इंजिनाच्या झिजेचे धातुकण आधीच असतात.

ऑक्टोबर ते मे ‘ड्राय’ वंगण बरं. त्यातलं द्रावक उडून जातं आणि मेणासारखा कोरडा थर उरतो, त्यावर धूळ कमी बसते. जूनपासून ‘वेट’, म्हणजे दाट आणि पाण्याने सहज न धुपणारं. गिरगाव चौपाटी, मरीन ड्राइव्ह किंवा वरळी सी-फेसवरून रोज जाणाऱ्यांनी यात हयगय करू नये. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, म्हणून गंज झपाट्याने चढतो. वितळलेल्या मेणात चेन बुडवण्याची पद्धत कोरड्या हवेत उत्तम आहे, पण मुंबईच्या पावसाळ्यात तिच्यावर भिस्त ठेवू नये. खोबरेल तर २४ अंशांच्या आसपासच थिजतं. डब्ल्यूडी-४० १९५३ साली तयार झालं ते पाणी हटवण्यासाठी. भिजलेल्या चेनवर ते मारा, पण नंतर खरं वंगण घातलंच पाहिजे.

आधी चिंधीने चेन पुसा. लगदा जास्त असेल तर रॉकेलचा ब्रश फिरवा आणि पूर्ण वाळू द्या, नाहीतर नवं तेल पातळ होईल. पॅडल उलटं फिरवत खालच्या बाजूच्या चेनवर, आतल्या अंगाने, एकेका रोलरवर एकच थेंब सोडा. रोलर आणि पट्टीमधल्या फटीतून केशाकर्षणाने तो आत ओढला जातो, पण त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम रात्री करावं. सकाळी कोरड्या फडक्याने चेन घट्ट धरून पुन्हा पॅडल फिरवा. बाहेर तेल जवळजवळ उरता कामा नये. बहुतेक जण नेमकं हेच गाळतात, आणि माझ्या मते महागड्या बाटलीपेक्षा या पुसण्याचं महत्त्व जास्त आहे.

पावसाळा संपला की पट्टी लावून २४ जोड मोजा. नव्या चेनमध्ये ते बरोबर १२ इंच, ३०४.८ मिलिमीटर भरतात. ३०६.३ भरले तर चेन बदला. ३०७.८ पर्यंत थांबलात तर तोवर फ्रीव्हीलचे दातेही झिजलेले असतात, आणि त्यांच्यावर नवी चेन घसरते.