486व्या प्रोसेसरला नंबर नाही

1984 च्या आयबीएम पीसी-एटीत इंटरप्टच्या, म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला 'इकडे लक्ष दे' म्हणायच्या, ओळी 16. त्यातली एक ओळ दोन इंटरप्ट-चिपा एकमेकींना जोडण्यातच खर्ची पडे, उरल्या 15. कीबोर्डची 1 नंबरची, प्रिंटरची 7 नंबरची. साउंड कार्डाने दुसऱ्याचा नंबर बळकावला की पेटी उघडून जम्पर हलवत बसायचं.

आज एमएसआय-एक्सच्या नियमाने एकटं पीसीआय कार्डही 2048 इंटरप्ट मागू शकतं. आर्मच्या जीआयसी-3 या इंटरप्ट-नियंत्रकाच्या रचनेत तर नंबर 24 बिटांपर्यंत जातो, म्हणजे 1 कोटी 67 लाख 77 हजार 216.

हार्डवेअर इतकं उदार, पण आर्म सर्व्हरवरचं लिनक्स 2023 पर्यंत 8260 नंबरांना अडायचं. 64 अधिक 8196, हा हिशेब सोर्स कोडमध्येच ठोकलेला. (8192 असता तर दोनाचा घात म्हणून पटलं तरी असतं, वरचे 4 कशासाठी, देव जाणे.) जीआयसी-4.1 वर व्हर्च्युअल मशीनच्या प्रत्येक आभासी प्रोसेसरला 16 आभासी इंटरप्ट आणि एक डोअरबेल (त्याला झोपेतून उठवणारा इंटरप्ट) लागते, एकूण 17. 485 प्रोसेसरांत 8245 नंबर संपतात. 486व्याला द्यायला उरतात 15. डिस्क आणि नेटवर्क कार्डं तर अजून मोजलीच नाहीत.

मग आकडा वाढवायचा की! अडचण अशी, की कुठला नंबर घेतलाय याची नोंद बिटमॅपमध्ये, दर नंबरामागे एक बिट. 8260 ला एक किलोबाइटाहून किंचितच जास्त लागतं. 32 बिटी पूर्णांकाच्या टोकापर्यंत, 214 कोटींवर, न्या. 256 मेगाबाइट नुसते शून्यांनी भरतील. पन्नास इंटरप्टवर भागणाऱ्या यंत्रातसुद्धा.

लिनक्स 6.5 ने बिटमॅप आणि त्याच्या जोडीचा रॅडिक्स ट्री दोन्ही काढून मेपल ट्री आणला. त्याची एक गाठ 256 बाइटांची. वरच्या गाठीत प्रत्येक फांदीपुढे लिहिलेलं असतं, की खाली सलग रिकामे नंबर जास्तीत जास्त किती. रेल्वेच्या डब्याबाहेर पूर्वी चिकटवत त्या चार्टवरच 'आत सलग 16 बर्थ मोकळे' असं लिहावं, तसं. 15 दिसले की त्या फांदीत शिरायचंच नाही. दीड कोटी नंबर वाटलेले असले तरी आठ-दहा पायऱ्यांत जागा सापडते, आणि न वाटलेल्या कोट्यवधींच्या पट्ट्याला एखादी नोंद पुरते.

मर्यादा आता ते 214 कोटींचं टोक; 17 च्या हिशेबाने त्यात 12 कोटी 63 लाख आभासी प्रोसेसर मावतील. त्याच्या कितीतरी आधी हार्डवेअरच हात टेकेल.