ऐकू येतं, पण कळत नाही

साठी ओलांडलेली माणसं कानाच्या डॉक्टरांकडे येतात तेव्हा बहुतेकांची तक्रार एकच असते: ‘ऐकू येतं हो, पण नीट कळत नाही.’ सोबत आलेली सून किंवा मुलगा म्हणतो, ‘यांना हवं ते बरोब्बर ऐकू येतं.’ दोघंही खरंच बोलत असतात. वयाबरोबर येणारा बहिरेपणा कसा वाढत जातो ते पाहिलं, की दोन्ही वाक्यांचा मेळ बसतो.

आतल्या कानात कॉक्लिया नावाचं शंखासारखं वेटोळं असतं. त्यात जन्मतः सुमारे १५ हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेनं त्यांच्यावरचे सूक्ष्म तंतू वाकतात, विजेचा संदेश तयार होतो आणि तो मज्जातंतूतून मेंदूकडे जातो. वरच्या पट्टीतले आवाज वेटोळ्याच्या तोंडाशी टिपले जातात, खर्जातले पार आतल्या टोकाशी. वय वाढतं तशा तोंडाशी असलेल्या पेशी आधी निकामी होतात. पक्ष्यांमध्ये अशा पेशी नव्यानं तयार होतात, माणसात होत नाहीत.

बोलताना ‘आ’, ‘ओ’ असे स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात. ‘स’, ‘प’, ‘क’ ही व्यंजनं हलकी असतात आणि ती ओळखायला लागणारी माहिती बरीचशी वरच्या पट्टीत असते. म्हणून ‘साठ’, ‘पाठ’ आणि ‘काठ’ यांतला ‘आ’ पोचतो, पण आधीचं व्यंजन निसटतं. शांत खोलीत, समोरच्याच्या ओठांकडे बघत, संदर्भानं जुळवून घेता येतं. लग्नाच्या हॉलमध्ये किंवा स्वयंपाकघरात मिक्सर चालू असताना ते साधत नाही. शेजारच्या काकांचा जाड आवाज समजतो, नातीचा कोवळा आवाज समजत नाही. घरच्यांना वाटतं, हे मुद्दामच चाललंय. मग घरातले ओरडून बोलतात. ओरडण्यानं स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं मात्र तेवढी वाढत नाहीत.

कॉक्लियाला रक्त पोचवणारी धमनी एकच आणि बारीक. ती बंद पडली तर दुसरीकडून रक्त येण्याची सोय नाही. त्यामुळे जे डोळ्यांच्या आणि मूत्रपिंडाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडवतं, ते कानालाही सोडत नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात मधुमेहींमध्ये श्रवणदोषाचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळलं. उच्च रक्तदाब आणि धूम्रपान यांचाही संबंध दिसतो. काही औषधंही केसपेशींना मारक ठरतात: क्षयरोगावर पूर्वी सर्रास दिली जाणारी कॅनामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शनं आणि कर्करोगावरचं सिस्प्लाटिन. मधुमेह्यांना वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासायला सांगतात. कानाचं नाव त्या यादीत क्वचितच असतं, आणि ते असायला हवं असं मला ठामपणे वाटतं.

बहिरेपणाचं मेंदूशी असलेलं नातं याहून गंभीर आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या फ्रँक लिन यांनी २०११ मध्ये बाल्टिमोरमधल्या ६३९ जणांच्या सुमारे १२ वर्षांच्या नोंदी मांडल्या. सौम्य श्रवणदोष असलेल्यांना डिमेन्शियाचा धोका जवळपास दुप्पट, मध्यम असलेल्यांना तिप्पट आणि तीव्र असलेल्यांना पाचपट होता. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवलं, की सौम्य दोष असलेली माणसं तोल जाऊन पडल्याचं जवळपास तिप्पट वेळा सांगतात. ऐकण्याचं आणि तोल सांभाळण्याचं इंद्रिय आतल्या कानात शेजारी शेजारीच असतं. शिवाय अर्धवट शब्द जुळवण्यात मेंदूची शक्ती खर्ची पडली, की स्मरणाला आणि पावलांना ती कमी उरते. ऐकू येईना म्हणून माणूस चारचौघांत जाणं टाळतो. त्या एकटेपणाची किंमतही मेंदूच मोजतो.

पण संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. तेच तपासायला अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं चाचणी झाली. निम्म्यांना श्रवणयंत्र दिलं, निम्म्यांना आरोग्यविषयक मार्गदर्शन. २०२३ मध्ये निकाल आला तेव्हा एकूण गटात फरक दिसला नाही. हृदयविकाराच्या एका जुन्या अभ्यासातून आलेल्या, वयानं जास्त आणि मुळातच जोखीम अधिक असलेल्या गटात मात्र बुद्धीची घसरण जवळपास निम्म्यानं मंदावली. श्रवणयंत्रानं डिमेन्शिया टळतो अशी जाहिरात कुणी केली, तर या निकालाचा तेवढा अर्थ होत नाही. पण ज्यांना धोका जास्त आहे त्यांनी वर्षानुवर्षं थांबू नये, एवढं तो नक्की सांगतो.

तपासणी अगदी साधी असते. ध्वनिरोधक खोलीत हेडफोन लावून बसायचं, बारीकसा सूर ऐकू आला की बटण दाबायचं. उजव्या कानाचे लाल गोल आणि डाव्या कानाच्या निळ्या फुल्या आलेखावर उमटत जातात. वयाच्या बहिरेपणात त्यांना जोडणारी रेघ उजवीकडे, म्हणजे वरच्या पट्टीकडे, उतरत जाते. ऑडिओलॉजिस्ट यंत्र जुळवतात ते त्या उताराप्रमाणे. बाजारात स्वस्तात मिळणारं ‘कानाचं मशीन’ सगळेच आवाज सारखे मोठे करतं. मग भांड्यांचा खणखणाट असह्य होतो आणि मशीन कपाटात जातं. चांगलं यंत्रही पहिल्या दिवशी परकंच वाटतं. मेंदूला त्याची सवय व्हायला काही आठवडे लागतात, पुन्हा जाऊन ते दोन-तीनदा जुळवून घ्यावं लागतं.

एका बाबतीत मात्र वाट पाहायची सवलत नाही. सकाळी उठल्यावर एकाच कानाला अचानक दडा बसल्यासारखं वाटलं, सोबत शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर सर्दी असेल किंवा मळ असेल म्हणून तेल घालत बसू नये. आतल्या कानाचं ऐकणं अचानक गेलं असण्याची शक्यता असते. यावर स्टेरॉइडचे उपचार असतात, पण ते पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांच्या आत सुरू झाले तरच त्यांचा खरा उपयोग होतो. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावं.