वाळीत टाकण्याचा गुन्हा आणि आमचे नगर

कोणाच्या घरी मृत्यू झाला असता शेजाऱ्याने जुने वैर विसरून तिरडीस खांदा द्यावा, हा आमच्या लोकांचा फार पुरातन रिवाज आहे. तो मोडणाऱ्यास भाऊबंदही नावे ठेवितात. मे २०१९ मध्ये आमच्याच अंबरनाथ शहरात हा रिवाज मोडला गेला, आणि तोही पंचांच्या हुकमाने, अशी फिर्याद पोलिसांत दाखल झाली. कंजारभाट समाजातील विवेक तमायचीकर या तरुणाच्या आजी वारल्या, तेव्हा अंत्यविधीस जातीतील कोणी जाऊ नये असे फर्मान निघाले, असा त्या फिर्यादीचा आशय होता. चौघांवर सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदविला गेला. या कुटुंबाचा अपराध तो काय? तर नववधूच्या कौमार्याची परीक्षा घेण्याच्या चालीस त्याने उघड विरोध केला होता.

लग्नाच्या रात्री पांढऱ्या चादरीवरून वधूच्या शीलाचा निवाडा करावयाचा व तो पंचांसमोर जाहीर करावयाचा, अशी ही चाल. तिच्याविरुद्ध त्याच समाजातील सुशिक्षित तरुण-तरुणींनी २०१७ च्या अखेरीस चळवळ आरंभिली. जानेवारी २०१८ मध्ये पिंपरीस एका लग्नप्रसंगी यांतील काही तरुणांस मारहाण झाली. त्याच वर्षी तमायचीकर यांनी स्वतःचा विवाह ही परीक्षा नाकारून केला. फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्य सरकारने अशी परीक्षा हा लैंगिक अत्याचाराचा गुन्हा मानण्यात येईल असे जाहीर केले, आणि तीनच महिन्यांनी वरील प्रकार घडला. सरकारच्या घोषणेस पंच किती भितात, हे यावरून दिसतेच.

हे ऐकून मोरिवलीतील एखादा प्रतिष्ठित गृहस्थ म्हणेल, ‘ते लोक असेच, त्यांच्या जातीच्या भानगडीत आपण कशास पडावे?’ या एका वाक्यात दोन दोष आहेत. ‘ते लोक असेच’ हा शिक्का प्रथम मारिला तो खुद्द कायद्यानेच. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या गेल्या, व त्यांत कंजारभाटांचीही गणना झाली. तो कलंक कायद्याच्या पुस्तकातून पुसला गेला १९५२ मध्ये. लोकांच्या मनातून तो अद्याप गेलेला नाही. ज्यास चावडीवर पाय ठेवताच चोर समजत, त्याने न्याय मागण्यास जावे कोणाकडे? सरकारी न्यायासन त्यास बंद होते, म्हणून जातीचे पंच हेच त्याचे न्यायासन झाले. पंचांचे आजचे बळ हे काही अंशी आमच्या पूर्वग्रहाचेच फळ आहे, असे आम्हांस स्पष्ट दिसते.

शिवाय वाळीत टाकण्याची विद्या ही काही भटक्या जमातींची मिरास नव्हे. पुण्यास १८९० मध्ये पंच हौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून केवढे ग्रामण्य माजले! रानडे व टिळक या दोघांसही अखेर प्रायश्चित्त घेणे भाग पडले. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडच्या मंडळींनी त्यांच्यावर बहिष्कार पुकारला. ही शास्त्री-पंडितांची, शिकल्यासवरल्यांची गोष्ट होय. तेव्हा दुसऱ्याच्या जातीकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या जातीचे दप्तर एकदा उघडून पाहावे.

आता कायद्याविषयी. मुंबई इलाख्यात बहिष्कारास बंदी करणारा कायदा १९४९ मध्ये, खेर मंत्रिमंडळाच्या काळात झाला होता. परंतु ९ जानेवारी १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दाऊदी बोहरा पंथाच्या धर्मगुरूंच्या अर्जावर तो चार विरुद्ध एक अशा मताधिक्याने रद्द केला. धर्मपंथास आपला कारभार पाहण्याचे स्वातंत्र्य आहे, हे त्याचे कारण. सरन्यायाधीश सिन्हा यांनी मात्र भिन्न मत नोंदविले, आणि आमच्या मते व्यक्तीच्या प्रतिष्ठेची बाजू त्यांनीच राखिली. त्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १० फेब्रुवारी २०२३ रोजी हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविला.

मध्यंतरी २०१३ मध्ये नाशिकास आंतरजातीय विवाह केलेल्या मुलीचा तिच्याच पित्याने खून केला, व अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम हाती घेतली. त्याच वर्षी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. पण मोहीम थांबली नाही. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने नवा कायदा संमत केला व जुलै २०१७ मध्ये तो अमलात आला. असा स्वतंत्र कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. तीन वर्षांपर्यंत कैद अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. लग्न वा अंत्यविधी अडविणे, सभागृह वा स्मशान नाकारणे, व्यापारी व्यवहार तोडणे, ही सर्व कृत्ये त्यात बहिष्कार म्हणून मोजिली आहेत. चिथावणी देणाराही दोषी ठरतो. आणि बहिष्कारासाठी सभा भरणार असल्याची खबर मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यास ती आधीच बंद पाडता येते.

कायदा असा चांगला आहे. उणीव आहे ती निराळीच. फिर्याद करणाऱ्यास दुसऱ्या दिवशी त्याच वस्तीत राहावयाचे असते, त्याच्या बहिणीचे लग्न त्याच जातीत व्हावयाचे असते. साक्षीदार तर त्याहून भितो. हा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीने आपसात मिटविता येतो. ही सोय दयेची खरी, परंतु जेथे फिर्यादी एकटा व पंच संघटित, तेथे ‘आपसात’ या शब्दाचा अर्थ काय होतो हे सांगावयास नको. आणि आमचे पुढारी? निवडणुकीचा हंगाम आला की एकगठ्ठा मतांसाठी ते याच पंचांच्या ओसरीवर जाऊन बसतात. ज्याचा हार काल गळ्यात घालून घेतला, त्याच्यावर आज गुन्हा नोंदवा असे ठाणेदारास सांगण्याचे धैर्य त्यांच्या अंगी कोठून येणार?

म्हणून आम्ही आमच्या व्यापारी बंधूंस दोन शब्द सांगू इच्छितो. पंचांचा हुकूम पंचांच्या जिभेने अमलात येत नाही. वाण्याने उधारी बंद केली, कार्यालयवाल्याने ठरलेली तारीख फिरविली, वाजंत्रीवाल्याने विसार परत केला, म्हणजे तो अमलात येतो. आणि यांपैकी पुष्कळजण त्या जातीचेही नसतात, केवळ गिऱ्हाईक तुटेल या भयाने मान डोलावतात. मोरिवलीच्या कारखान्यांत शंभर जातींची माणसे एका भोंग्यावर कामास लागतात व एकाच टपरीवर चहा घेतात. अशा नगरात कार्यालयाची तारीख नाकारावयाची झाल्यास तिचे कारण मालकाने पावतीवर लेखी द्यावे, आणि पंचांच्या सांगण्यावरून कोणाचाही व्यवहार तोडणार नाही असा ठराव आमच्या दुकानदारांनी आपल्या पुढील बैठकीत मांडावा. अंबरनाथात सभागृहे चालविणाऱ्या संस्थांचे कार्यवाह या सूचनेवर काय म्हणतात, ते छापावयास आम्ही तयार आहोत.