शिवारातील ईश्वरदर्शन

मृगाचे ढग सातपुड्यावर उतरू लागले म्हणजे खानदेशातील शेतकऱ्याची दृष्टी आपोआप वर जाते. त्या दृष्टीत हिशेब असतो, काळजी असते आणि काहीशी विनवणीही असते. नांगरट झालेली असते, वखराच्या पाळ्या आटोपलेल्या असतात, बियाणे घरात आलेले असते. यापुढील काम आपल्या हातचे नाही, हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही. हातचे काम पुरे करून हाताबाहेरच्या शक्तीकडे पाहणे ही उपासनेची पहिली पायरी होय, आणि ती शेतकऱ्याच्या धंद्यातच घडविलेली आहे. परंतु पाऊस पडला, पेरणी साधली, की ती दृष्टी पुन्हा खाली वळते. आणि पुढील मृगापर्यंत देव देवळात व आपण शेतात, अशी वाटणी होऊन बसते. ही वाटणी योग्य आहे काय, आणि तिच्यापासून आपले काही नुकसान होते काय, ह्याचा विचार आम्ही आज वाचकांपुढे मांडू इच्छितो.

ह्या प्रश्नाचा विचार आपल्याच खानदेशात एका थोर अधिकारी पुरुषाने केलेला आहे. सन १९३२ मध्ये विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक, अशी गीतेच्या अठरा अध्यायांवर त्यांनी प्रवचने दिली, आणि पूर्वी अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेले साने गुरुजी यांनी ती तेथेच लिहून घेतली. ‘गीता प्रवचने’ ह्या नावाने तो ग्रंथ आज घरोघर आहे. त्यांतील दहाव्या अध्यायाचे प्रवचन सर्वस्वी आपल्या विषयाचे आहे. त्याचा आशय असा की, लहान मुलास जशी आधी ठळक व सोपी अक्षरे शिकवितात आणि जोडाक्षरे मागाहून, तसाच परमेश्वरही आधी सोप्या ठिकाणी ओळखावयास शिकावे. आईच्या ठिकाणी, लेकराच्या ठिकाणी तो चटकन ओळखू येतो. तेथून सूर्य, अग्नी, नदी ह्यांत. मग गाई-घोड्यांत व पाखरांत. आणि शेवटी, जेथे तो मुळीच दिसत नाही अशा कठीण माणसांतही. ईश्वरदर्शन हा एकदम होणारा चमत्कार नसून ती सरावाने येणारी विद्या आहे, हा त्यातील बोध आम्हांस फार मोलाचा वाटतो. मोड पाहून बियाण्याची उगवण सांगणे, पानाच्या रंगावरून रोग ओळखणे, ह्या विद्याही अशाच सरावाने येतात.

आणि ही विद्या अक्षरओळखीवाचूनही कशी साधते, ह्याचे उदाहरण जळगावाजवळील आसोद्याचे आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी ह्यांचा जन्म सन १८८० मध्ये तेथील शेतकरी कुटुंबात झाला, व लग्न होऊन त्या जळगावास आल्या. त्यांस लिहिता-वाचता येत नव्हते. ऐन तारुण्यात वैधव्य आले. मुले लहान, आणि संसाराचा भार एकटीच्या शिरावर. जात्यावर दळताना, चुलीपुढे बसताना, शेतात राबताना त्यांस ओव्या सुचत. त्यांच्या गाण्यांचे विषय पाहावेत: पेरणी, कापणी, मळणी, जाते, चुलीवरचा तवा, सुगरणीचा खोपा. ही गाणी मुलगा सोपानदेव व आप्तेष्ट यांनी टिपून ठेवली. १९५१ साली त्या निवर्तल्या, आणि पुढील वर्षी आचार्य अत्रे यांच्या पुरस्काराने ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. आज जळगावच्या विद्यापीठास त्यांचेच नाव आहे. ज्या वस्तू आपण रोज हाताळतो त्यांतच त्यांस देव भेटला. तो भेटावा म्हणून त्यांनी काम सोडले नाही, आणि दुःखामुळे पाहणेही सोडले नाही.

कोणी म्हणतील, हे भाबड्या काळास ठीक होते. आता कृषिशास्त्राचे दिवस आहेत. आम्हांस हा आक्षेप पटत नाही. विहिरीवरच्या बाभळीस लोंबणारा तो खोपा नर विणतो व मादी तो पारखून घेते, असे पक्षिशास्त्रज्ञ सांगतात. हे कळल्याने त्या विणीचे नवल कमी झाले काय? मुगाचे किंवा भुईमुगाचे एक झाड फुलोऱ्याच्या सुमारास ओल्या मातीतून अलगद उपटून पाहावे. मुळांस बारीक गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी रंग असल्यास ती काम करीत आहे असे समजावे. त्या गाठींत डोळ्यांस न दिसणारे जीव वस्ती करून हवेतील नत्र झाडास मिळवून देतात, आणि झाड त्यांस साखर पुरविते. एकमेकांस पोसण्याचा हा व्यवहार आपल्या पायाखाली अहोरात्र चालू असतो. ज्यास हे ठाऊक नाही त्यापेक्षा ज्यास ठाऊक आहे त्याचे हात अधिक आदराने जोडले जावेत, असे आम्हांस वाटते.

आपल्या पूर्वजांनीही देव शेताबाहेर ठेवला नव्हता. श्रावणात घरोघर कानबाई बसते. साधे नारळच दागिन्यांनी सजते आणि देवी होते. रोटांसाठी कुटुंबातील माणसांच्या हिशेबाने गहू मोजला जातो. म्हणजे देवीच्या नैवेद्यात घरातील प्रत्येक माणसाची गणती असते. पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बैलांचे खांदे मळले जातात. सणांत हे सारे आपण पाळतो. प्रश्न सणानंतरच्या दिवसांचा आहे. पोळ्यास पूजा आणि दुसऱ्या दिवसापासून पराणी, असे होत असेल तर पूजेचा अर्थ आपणांस कळला नाही.

आखाजीचेच पाहा. त्या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरली जाते, लेकी माहेरास येतात, आणि जुन्या रीतीप्रमाणे सालदाराचे नवे वर्षही त्याच दिवसापासून धरतात. एकाच ओसरीवर सकाळी घागरीची पूजा होते आणि नंतर सालाचा करार ठरतो. घागरीपुढे मऊ झालेले मन सालदारापुढे बसताना कठीण होत असेल, तर सकाळची पूजा वाया गेली. वर्षभर आपल्या शेतात उन्हापावसात राबणाऱ्या माणसाच्या मुलाची शाळा, त्याचे आजारपण, त्याची पडवी ह्यांचा विचार करारात असणे, हेच आखाजीचे खरे पुण्य होय.

पाण्याविषयी तर अधिकच बोलणे प्राप्त आहे. धुळे जिल्ह्यातील पांझरेवर आणि लगतच्या बागलाणातील मोसम व आरम ह्या नद्यांवर दगडी बंधारे घालून फड पद्धतीने पाणी देण्याची वहिवाट शेकडो वर्षांची आहे. बंधाऱ्याखालील जमीन फडांत विभागलेली असे, एका फडात एक पीक घेत, पाटकरी पाण्याची पाळी सांभाळी. आणि ज्या वर्षी नदीस पाणी थोडे, त्या वर्षी भिजणारे फड कमी करून तूट सर्वांनी वाटून घेत. नदीस माता म्हणणे हा त्या लोकांच्या जिभेचा अलंकार नव्हता. आईच्या दुधावर सर्व लेकरांचा हक्क असतो, हे त्यांनी व्यवहारात आणले होते. आता प्रत्येकाची विहीर व बोअर वेगळी झाली. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात पाण्याची पातळी खोल खोल जात आहे, हे वाचकांस सांगावयास नको. सातपुड्याच्या पायथ्याची दगडगोट्यांची जमीन पावसाचे पाणी पिऊन पोटात साठविते. तेच पाणी खालच्या गावांच्या विहिरींत येते. जमिनीखालील ह्या पाण्यास बांध नसतो. शेजाऱ्याच्या विहिरीतील पाणी आपल्या बोअरने ओढून आपण मोटारीस हळदकुंकू वाहिले, तर ते कोणत्या देवास पोहोचेल?

ह्याउलट साक्री तालुक्यातील बारीपाड्याच्या आदिवासी बांधवांकडे पाहावे. उजाड झालेले जंगल त्यांनी स्वतःच नियम करून राखले. जंगल वाढले तसे गावाचे पाणीही परतले. ह्या कामात पुढाकार घेणारे चैत्राम पवार यांस २०२५ साली पद्मश्री मिळाली. झाडास देव मानून त्यावर कुऱ्हाड न चालविणे, एवढ्या साध्या निष्ठेचे फळ किती मोठे असते हे तेथे जाऊन पाहता येते.

आता सर्वांत कठीण प्रश्न. गारपीट झाली, उन्हाळी वावटळीने निसवलेली केळीची बाग एका तासात आडवी झाली, कर्ज डोक्यावर आहे. त्या दिवशी देव कोठे होता? ज्याची बाग पडली त्यास ही त्याची इच्छा, असे सांगणे हा वेदान्त नव्हे, निष्ठुरपणा होय. हेच ते जोडाक्षर. ते त्या शेतकऱ्याने एकट्याने वाचावे अशी अपेक्षा धरू नये. ज्याची बाग उभी राहिली त्याने त्या सायंकाळी बांध ओलांडून त्याच्या ओट्यावर जाऊन बसावे, त्यास एकटे पडू देऊ नये, पंचनाम्याच्या वेळी सोबत उभे राहावे, पुढील हंगामाचे बियाणे उसने द्यावे. देव कोठे होता, ह्या प्रश्नास शेजाऱ्याच्या पावलांखेरीज दुसरे उत्तर आम्हांस माहीत नाही. संकटात सापडून जिवावर उदार झालेले शेतकरी आपण पाहिले आहेत. त्यांतील कित्येकांच्या दारापर्यंत ते उत्तर वेळेवर पोहोचले नाही, ही आपणा सर्वांची लाज आहे.

म्हणून कृषकबंधूंस आमची विनंती एवढीच की, रोज शिवारात शिरताना बांधावर क्षणभर थांबावे. घाई बाजूस ठेवून एक गोष्ट नीट पाहावी: एखादा कोंब, एखादे पाखरू, बैलाचा खांदा, कामकऱ्याचा चेहरा. मग कामास लागावे. देवदर्शनासाठी निराळा वेळ काढावा लागत नाही. परंतु दर्शन झाले की नाही ह्याची परीक्षा मात्र एकच आहे. सायंकाळी घरी परतताना आपल्या हातून माती, पाणी, जनावर आणि माणूस ह्यांस सकाळपेक्षा बरे वागविले गेले असेल, तर त्या दिवशी देव भेटला असे निःशंक समजावे.