मुका सांगाडा, बोलका वेताळ

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात मेलेल्याला उठवायला साहित्य थोडंच लागतं: रक्ताचा एक थेंब, मांसाचा तुकडा, चिमूटभर हाडांची पूड. समोर हाडं असतील तर सांगाडा उभा राहतो, प्रेत असेल तर झोंबी. ‘अ‍ॅनिमेट डेड’ हा मंत्र पुरा व्हायला एक मिनिट लागतं आणि खेळातली लढाई सहा-सहा सेकंदांच्या फेऱ्यांत चालते. त्यामुळे फौज आधीच उभी करून ठेवावी लागते.

हा खेळ १९७४चा. इथले नियम २०१४च्या पाचव्या आवृत्तीतले. उठवलेला सेवक चोवीस तास हुकमात राहतो. मुदत संपायच्या आत मंत्र पुन्हा म्हटला तर आधीचे चार सेवक आणखी एक दिवस ताब्यात राहतात. नाही म्हटला तर हुकूम सुटतो, सांगाडा मात्र तसाच हिंडत राहतो. मधल्या विश्रांतीत परत मिळणारी ताकद सोडली, तर पाचव्या पातळीच्या जादूगाराला या ताकदीचे मंत्र दिवसाला दोनदाच म्हणता येतात. म्हणजे आठ सांगाडे राखायचे तर दोन्ही त्यांच्यावरच खर्च; आगीचा गोळा टाकायला काही उरत नाही. फौज मोठी दिसते, पण तिचा धनी रोज तिच्या देण्यातच अडकलेला असतो. नियम लिहिणाऱ्याची ही हुशारी मला फार आवडते.

लोणखेड्याला दिवाळीत पुण्याहून आलेल्या एका भाच्याने घरातल्या पोरांना हा डाव शिकवला, तेव्हा मी शेजारी बसून पाहत होतो. सांगाड्यांसाठी तुरीचे दाणे, झोंबींसाठी हरभरे मांडले होते. सांगाड्याची ताकद तेरा गुणांची, झोंबीची बावीस; पण झोंबी पडता पडता फासा चांगला पडला तर एका गुणावर तग धरतो, म्हणून हरभरा उचलायला गेलेला हात सारखा मागे यायचा. प्रत्येक दाण्याचा वीस पैलूंचा फासा वेगळा टाकायचा, त्यामुळे एकाच पोराची पाळी लांबत गेली आणि बाकीचे फराळाकडे वळले. मोठी फौज पटावर आली की हे व्हायचंच.

तेवढ्यात धाकटीने विचारलं, “सांगाडा बोलतो का?” भाच्याने पुस्तक उघडलं. जिवंतपणी येत असलेल्या भाषा त्याला समजतात, पण बोलता येत नाही. झोंबीचंही तसंच.

प्रश्न नेमक्या जागी लागला होता. आपल्याकडचं उठलेलं प्रेत पहिल्यापासून बोलतंच आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त गुंफलेल्या आणि मराठीत सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८३०मध्ये आणलेल्या वेताळाच्या गोष्टींत मांत्रिक आहे क्षांतिशील नावाचा भिक्षू, आणि शिंशपेच्या झाडावरचं प्रेत खांद्यावर वाहून आणणारा राजा, सोमदेवाचा त्रिविक्रमसेन, आपला विक्रम. प्रेतात शिरलेला वेताळ वाटेत गोष्ट सांगतो, शेवटी कोडं घालतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल, आणि तोंड उघडलंस की मी परत झाडावर. अखेर एका कोड्याला राजाकडे उत्तरच नसतं, तो गप्प चालत राहतो. तेव्हा खूश होऊन वेताळ भिक्षूचा डाव फोडतो: साष्टांग नमस्कार घालायला सांगून तो तुझाच बळी देणार आहे, तू म्हण, मला येत नाही, आधी करून दाखवा. भिक्षू वाकतो आणि राजा त्याचं शिर उतरवतो.

खेळाने भिक्षूची गादी खेळाडूला दिली आणि प्रेताची जीभ काढून घेतली. हिशेब सोपा झाला, पण खरा धोका गेला. ज्याला उठवलं त्याचं स्वतःचं मत असतं, याचं आपल्याकडे कुणाला नवल वाटत नाही. वेंगुर्ल्याजवळ आरवलीचा वेतोबा तर गावाचा राखणदार आहे; रात्री गावाभोवती फिरून त्याच्या चपला झिजतात म्हणून लोक त्याला नव्या वाहतात. त्याला कोण हुकूम सोडणार?

भाच्याने तिथल्या तिथे घरचा नियम केला. रोज मंत्र पुन्हा म्हणण्याऐवजी मांत्रिकाने एका सांगाड्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं, आणि प्रश्न समोरच्या पोरांनी रचायचा. उत्तर पटलं तर चौघे राहतात, नाही पटलं तर विचारणारा सांगाडा बाजू बदलतो. फराळाकडे गेलेले सगळे परत आले. पहिला प्रश्न धाकटीचाच होता: “मला मारलं कोणी?” मांत्रिक झालेल्या पोराने खरं सांगितलं, आणि तुरीचा एक दाणा पटाच्या पलीकडे गेला.