चित्रप्रधान दस्तऐवजांच्या मुद्रणातील अडचणी : कारणे व निराकरण

प्रस्तावना

महाविद्यालयाचा वार्षिकांक, चर्चासत्राची स्मरणिका किंवा वार्षिक अहवाल यांच्या पृष्ठरचनेची जबाबदारी आपल्याकडे बहुधा एखाद्या प्राध्यापकावर येते. १९८५ साली ऑल्डस कंपनीचे ‘पेजमेकर’ आले आणि छापखान्यातील पृष्ठरचना टेबलावरील संगणकावर आली. पेजमेकरची २००१ मधील सातवी आवृत्ती शेवटची ठरली व त्याची जागा ‘इनडिझाइन’ने घेतली. साधन बदलले, तक्रार मात्र तीच राहिली : पडद्यावर पान उत्तम दिसते, कागदावर ते तसे उतरत नाही. पान अर्धेच छापले जाते, चित्राच्या जागी कोरी चौकट राहते, चेहरे ठिपक्यांचे होतात, अथवा प्रिंटरचा दिवा नुसता लुकलुकत राहतो. दोष प्रिंटरला दिला जातो. तो पुष्कळदा पान आणि चित्र यांच्या संबंधात असतो. प्रस्तुत लेखात या संबंधाचा विचार केला आहे.

चित्राचा खरा भार

बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने काढलेले छायाचित्र ४००० × ३००० पिक्सेलचे, म्हणजे १ कोटी २० लाख चित्रबिंदूंचे असते. जेपेग स्वरूपात त्याची फाइल तीन-चार मेगाबाइटची दिसते, कारण त्यातील माहिती दाबून बसवलेली असते. छपाईच्या वेळी ती उलगडावी लागते. प्रत्येक बिंदूस लाल, हिरवा व निळा असे तीन बाइट धरले तर एका छायाचित्राचा भार ३६ मेगाबाइट होतो. स्नेहसंमेलनाच्या पानावर अशी आठ छायाचित्रे घेतली की त्या एका पानाचा भार २८८ मेगाबाइट झाला. पडद्यावर ही चित्रे लहान केली म्हणून हा भार कमी होत नाही. लहान होते ती चौकट. बिंदू तितकेच राहतात.

लेसर प्रिंटरमध्ये कागद एकदा आत ओढला गेला की मध्येच थांबू शकत नाही. म्हणून पानाची बिंदूरूप प्रतिमा वेळेवर तयार असावी लागते. पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर ती आपल्या स्मृतीत जुळवतो. स्वस्त प्रिंटरसाठी हे काम संगणक करतो व मधली फाइल आपल्या डिस्कवर ठेवतो. पहिल्या प्रकारात प्रिंटरची स्मृती अपुरी पडते, दुसऱ्यात सी ड्राइव्हवरील मोकळी जागा. कार्यालयीन संगणकाचा सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असणे ही आपल्याकडील नित्याची गोष्ट आहे, आणि ‘प्रिंटर बिघडला’ या तक्रारीमागे कित्येकदा एवढेच कारण असते.

उपाय साधा आहे. ऑफसेट छपाईसाठी इंचाला सुमारे ३०० पिक्सेल पुरतात. पाच सेंटिमीटर रुंदीच्या चौकटीसाठी याचा अर्थ ५९१ × ४४३ पिक्सेल. आठही छायाचित्रे मिळून ६.३ मेगाबाइट. भार जवळजवळ ४६ पटींनी घटतो आणि छापील दर्जात फरक जाणवत नाही. पान एकाच रंगात छापायचे असल्यास चित्र आधीच करड्या छटांमध्ये रूपांतरित करावे. भार आणखी एक-तृतीयांशावर येतो. मात्र हे सर्व मूळ फाइलच्या प्रतीवर करावे.

याच्या उलट चूकही तितकीच आढळते. ६४० पिक्सेल रुंदीचे चित्र १४ सेंटिमीटरपर्यंत ताणले तर इंचाला ११६ पिक्सेलच उरतात. फोटोशॉपमध्ये आकडा ३०० केल्याने नवा तपशील निर्माण होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून सामान्य पद्धतीने आलेले छायाचित्र मूळ राहिलेले नसते; ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावे.

दोष शोधण्याची पद्धत

प्रथम चित्रांशिवाय पान छापून पाहावे. पेजमेकरच्या छपाईच्या चौकटीत यासाठी ‘प्रूफ’ हा पर्याय होता. इनडिझाइनमध्ये ‘ग्राफिक्स’ विभागातील ‘सेंड डेटा’ येथे ‘नन’ निवडता येते. मजकूर नीट उमटला तर दोष चित्रांत आहे. मग निम्मी चित्रे काढून छापावे, नंतर उरलेल्यांतील निम्मी. सोळा चित्रांपैकी एकच सदोष असेल तर चार प्रयत्नांत ते हाती लागते. एकही सदोष निघाले नाही, तर प्रश्न एकूण भाराचा असतो. चित्रांमागे सावली किंवा अर्धपारदर्शक पट्टी दिली असल्यास तिकडेही पाहावे. पोस्टस्क्रिप्टला पारदर्शकता ठाऊक नाही. ती सपाट करताना पानाचे तुकडे पडतात व भार वाढतो. घाई असेल तर पीडीएफ करून अ‍ॅक्रोबॅटमधील ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’ हा पर्याय निभावून नेतो. परंतु अक्षरांच्या कडा किंचित बोथट होतात, म्हणून अंतिम प्रतीसाठी तो वापरू नये.

तुटलेला दुवा

पृष्ठरचनेच्या फाइलमध्ये चित्र बहुधा नसतेच. तेथे असते एक कमी बिंदूंची छाया आणि मूळ फाइलचा पत्ता. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने वार्षिकांकाची केवळ मुख्य फाइल पेनड्राइव्हवर घालून मुद्रणालयात दिली. विभागातील संगणकावर काढलेले प्रूफ निर्दोष होते, कारण चित्रे त्याच संगणकावर होती. मुद्रणालयात दुवे तुटले, सूचना दुर्लक्षिली गेली आणि पाचशे प्रती छापून झाल्या. त्या वर्षी निधन पावलेल्या आमच्या प्रयोगशाळा सहायकांचे श्रद्धांजलीच्या पानावरील छायाचित्र ओळखू न येण्याजोगे उमटले. त्यांच्या पत्नींना स्नेहसंमेलनात पहिली प्रत दिल्यावर हे लक्षात आले. पान नव्याने छापून शिल्लक प्रतींत चिकटवले; त्यांच्या घरी गेलेली प्रत तशीच राहिली.

इनडिझाइनच्या ‘लिंक्स’ पटलात हरवलेल्या चित्रापुढे लाल खूण, तर बदललेल्या चित्रापुढे पिवळा त्रिकोण दिसतो. तेथेच ‘इफेक्टिव्ह पीपीआय’ या नोंदीतून चौकटीतील प्रत्यक्ष घनता कळते. पाने बंद करण्यापूर्वी हे पटल एकदा वरपासून खालपर्यंत वाचावे. त्यानंतर ‘पॅकेज’ आज्ञेने मुख्य फाइल, चित्रे व फॉन्ट एका फोल्डरमध्ये गोळा करून सोबत पीडीएफ द्यावी. प्रूफ मात्र आपल्या संगणकावर न काढता, मुद्रणालयातील संगणकावर उघडलेल्या त्याच फाइलवरून काढून घ्यावे आणि त्यावर सही करावी.