पाच वाजता आलेल्यांची मजुरी
(दाखल्यांची वाट : लेखांक ५)

गेल्या आठवड्यात पेरणाऱ्याचा दाखला पाहिला. त्याची फोड येशूने स्वतःच शिष्यांना करून दिली आहे : बी म्हणजे वचन आणि जमीन म्हणजे ऐकणाऱ्याचे मन. असे उलगडून दिलेले दाखले शुभवर्तमानांत अगदी थोडे आहेत. बाकीचे सांगून येशू थांबतो. मराठी वाचक तिथे अडखळतो, त्याला कारणही आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस केसोबासांनी चक्रधरांचे ११४ दृष्टांत ‘दृष्टांतपाठा’त गुंफले, तेव्हा आधी सूत्र, मग दृष्टांत आणि शेवटी अर्थ जुळवून दाखवणारे दार्ष्टांतिक अशी मांडणी ठेवली. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट कशासाठी सांगितली, हे तिथे लगेच कळते. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातली द्राक्षमळ्याची गोष्ट वाचताना मात्र आपण दार्ष्टांतिक शोधत राहतो. ‘शेवटचे ते पहिले’ हे वाक्य शेवटी येते, पण त्याने मनातली कुरकुर मिटत नाही.

एक मळेवाला पहाटे बाजारात जातो, दिवसाला एक दीनार ठरवून मजूर आणतो. नऊला पुन्हा जातो, बाराला जातो, तीनला जातो. पाच वाजता, दिवस मावळायला तासभर उरला असताना, आणखी काही जण उभे दिसतात. ‘दिवसभर इथे रिकामे का उभे?’ असे तो विचारतो. ते म्हणतात, कोणी कामाला लावलेच नाही. संध्याकाळी कारभारी पैसे वाटतो, तेही शेवटी आलेल्यांपासून. त्यांना एक दीनार मिळतो. पहाटेपासून उन्हात राबलेल्यांनाही एकच.

शहापूर-मुरबाडच्या वाड्यांवर या गोष्टीतले फारसे काही समजावून सांगावे लागत नाही. भाताची कापणी आटोपली, दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. उचल आधीच घेतलेली असते आणि ती सणात नाहीतर आजारपणात संपलेलीही असते. भट्टीवर नवराबायको जोडीने राबतात. आठवड्याला खर्ची मिळते आणि हजार विटांमागे धरलेला हिशेब पावसाच्या तोंडावर होतो. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा तोच मालक. ज्यांना भट्टी नाही, त्यांना नाका. नाक्यावर तरणे, धट्टेकट्टे आधी उचलले जातात. ऊन चढेपर्यंत ज्याला कोणी नेले नाही त्याचा दिवस गेला, आणि तो आळशी होता म्हणून गेला नाही. ‘कोणी लावलेच नाही’ या उत्तरात किती लाज आणि किती भूक आहे, हे नाक्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला विचारावे.

दीनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी, घरच्यांना एक दिवस जगवणारी. गरीब मजुराचे पैसे सूर्य मावळण्याआधी हातात पडले पाहिजेत, अशी आज्ञा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात आहे, कारण त्याचा जीव त्यावर टांगलेला असतो. तासाभराच्या कामापोटी दीनाराचा बारावा भाग दिला असता तर हिशेब चोख झाला असता आणि चूल पेटली नसती. मळेवाला चुलीकडे पाहून पैसे देतो.

या दाखल्याचे अर्थ लावण्याचा इतिहास लांब आहे. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी त्यातल्या वेळा जगाच्या इतिहासाला लावल्या : पहाट म्हणजे आदामापासून नोहापर्यंतचा काळ, नऊची वेळ नोहापासून अब्राहामापर्यंत, अशी शेवटपर्यंत. प्रत्येक तपशिलाला गुपित अर्थ चिकटवण्याची ही रीत शतकानुशतके चालली. १८८८ मध्ये जर्मन अभ्यासक आडोल्फ युलिखर यांनी तिला जोरदार हरकत घेतली. त्यांच्या मते दाखला हे कोडे नव्हे, तो एक मुद्दा ठसवतो. १९९४ मध्ये विल्यम हर्झॉग या अमेरिकन अभ्यासकाने तर मळेवाल्यालाच पिंजऱ्यात उभे केले. बेकारांची गरज ओळखून मजुरी स्वतःच ठरवणारा, वर उपकार केल्यासारखे बोलणारा हा जमीनदार देवाचे रूप कसा असेल, असा त्यांचा प्रश्न. आपल्या भागात तो झटकून टाकता येणार नाही. ‘माझे पैसे मी हवे तसे देईन’ हे वाक्य इथल्या मजुराने मालकांच्या तोंडून ऐकले आहे, आणि फार वेगळ्या अर्थाने. तरीही मला हर्झॉग यांचे पटत नाही, ते पाचव्या खेपेमुळे. स्वस्त मजूर हवे असणारा माणूस तासाभरासाठी पुन्हा बाजारात जात नाही, आणि गेलाच तर पूर्ण दिवसाचे पैसे देत नाही.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पैसे वाटण्याचा क्रम. पहाटेच्या मजुरांना आधी दिले असते तर ते ठरलेला दीनार घेऊन समाधानाने घरी गेले असते. गोष्टच उरली नसती. येशू त्यांना मुद्दाम मागे उभे करतो आणि दुसऱ्याच्या हातावर पडलेला दीनार पाहायला लावतो. कारण ही गोष्ट सांगितली आहे ती पेत्राला. थोडे आधी त्याने विचारले होते, आम्ही सर्व सोडून तुमच्या मागे आलो, आम्हाला काय मिळणार? पेत्र पहाटेचा मजूर आहे. पगारदार, नियमाने देवळात जाणारे, सचोटीने राबलेले आपण बहुतेक वाचक त्याच्याच रांगेत उभे राहून ही गोष्ट ऐकतो, म्हणून ती टोचते. नाक्यावर दुपारपर्यंत थांबलेला माणूस हीच गोष्ट ऐकतो तेव्हा त्याला त्यात अन्याय कुठे दिसावा? दाखल्याचा अर्थ ऐकणारा कुठे उभा आहे त्यावर फिरतो. येशूने इथे दार्ष्टांतिक जोडले नाही, ते मला म्हणूनच योग्य वाटते. ‘मी उदार आहे म्हणून तुझी नजर वाईट झाली का?’ असे मळेवाला विचारतो. त्यावर पहाटेचा मजूर काय म्हणाला, हे मत्तयाने लिहिलेले नाही.

पुढच्या आठवड्यात मत्तयाच्याच अठराव्या अध्यायातला कर्जदार घेऊ. त्याच्या डोक्यावर दहा हजार तालान्त कर्ज आहे. एका तालान्ताचे सुमारे सहा हजार दीनार होतात. वाचकांनी हा हिशेब तेवढा करून ठेवावा.